बुंध्यापासून वीतभर

हळर्ण
२० ऑक्टोबर २०२४

चि. गुरूस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या सिद्धेशच्या पिकअपमधून बारा गोणी पाठवते आहे. हे पत्र पहिल्या गोणीच्या तोंडाशी सुतळीने बांधले आहे, म्हणजे वाचल्याशिवाय तुला गोणी सोडताच येणार नाही. फोनचा काही उपयोग नाही. खाणीवरच्या क्रशरने तुझे कान नेले आणि उरलेसुरले माझ्या ओरडण्याने गेले, असे तुझी देवकी म्हणायची. तिला जाऊन तीन वर्षे झाली, पण बोलून गेली ते खरेच.

आता नीट वाच. तुझी पस्तीस आंब्याची कलमे दोन पावसाळे जगली आहेत. आता घाई करून त्यांना मारू नको. खत बुंध्याला टेकवायचे नाही. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायची आणि त्याच्या बाहेर, फांद्यांची सावली पडते तिथे, गोल आळे करून एकेका झाडाला एकेक घमेले घालायचे. वरून माती, मातीवर सुका पाला. तुझा तो भैरू कष्टाळू आहे, पण त्याला शिकवावे लागेल. उसाला घालतात तसे ढीगच्या ढीग घालून ठेवील. हे शेणखताचे सारें माझ्या गायरीतल्या खड्ड्यातले आहे, वर्षभर कुजलेले. मुठीत घेतलेस तर चहाच्या पत्तीसारखे सुटेल.

ऋतिका परवरीहून काय म्हणते? मागच्या चवथीला तू सगळ्यांसमोर बोललास की पुढच्या मिरगापर्यंत झाडे उभी राहिली तर इथेच राहीन, नाहीतर लेकीकडे फ्लॅटमध्ये जाईन. बोलताना तू माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाहीस. तेव्हापासून ती पस्तीस झाडे मला माझीच वाटतात. बहात्तराव्या वर्षी बाईला कसले माहेर, असे इथल्या पोरी हसतात. असते म्हणावे. भाऊ घरात असेल आणि चूल पेटत असेल तर शंभराव्या वर्षीही असते.

रिकाम्या गोणी सिद्धेशकडे परत दे. आणि त्यांच्याबरोबर दोन ओळी लिही.

तुझी,
बाय

*

वरचा वाडा, साखळी
१० नोव्हेंबर २०२४

ती. बायस,
गुरुदासचा शि. सा. नमस्कार.

गोणी पोचल्या. भैरूने दोन दिवसांत आळी करून खत घातले. भाऊबीजेला आलो नाही म्हणून रागावू नको. कंबर धरली होती. ओवाळणी सिद्धेशकडे दिली आहे, ती मिळाली असेल.

पाऊस गेला आणि पाण्याचे काम सुरू झाले. विहिरीवर पंप आहे, पण पाइपातले पाणी मधल्या सपाटीपर्यंतच चढते. पुढे बाल्दी. झाडाला दोन बाल्द्या, एक दिवसाआड. अर्धी झाडे भैरू करतो, अर्धी मी. लोकांना वाटते म्हातारा पाणी घालताना बायकोची आठवण काढत असेल. शेजारची शेवंती तर कुंपणापलीकडून पाहून डोळे पुसते. खरे सांगायचे तर मी फक्त मोजत असतो, अजून किती राहिली. देवकीने हौसेने उतार साफ करून घेतला होता म्हणून मी वाळपईहून कलमे आणून लावली. ती असती तर तिने पाणी घातले असते आणि मी खाली कदेलीवर, त्या जुन्या खुर्चीत, बसून चहा मागितला असता. तो जास्त बरा संसार होता.

खताचा वास बराच सुटला आहे. शेवंतीने नाकाला पदर लावून खुणा केल्या. मी हसून वेळ मारून नेली.

ऋतिका दर रविवारी व्हिडिओवर येते. तिचे ओठ हलतात, मी मान हलवतो. मग ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते, 'बाबा, खोली तयार आहे.' मी परत मान हलवतो. तिला काय समजायचे ते समजते.

तुझा,
गुरू

*

हळर्ण
१ डिसेंबर २०२४

चि. गुरूस,
अनेक आशीर्वाद.

वास सुटला म्हणजे काय? शेणाला शेणाचाच वास येणार, अबोलीचा नव्हे. गोणी वाटेत भिजल्या असतील. शेवंतीचे नाक लहानपणापासून नाजूक, तिला माझ्या हातच्या सुक्या बांगड्याचाही वास सोसत नसे, पण खायला पहिली.

आणखी आठ गोणी पाठवते आहे. खालच्या ओळींना पुन्हा घाल, ती जमीन खडकाळ.

कंबर धरली म्हणून लिहिलेस. देवकीशिवाय घर खायला उठते म्हणून अंग दुखते, दुसरे काही नाही. मन रमले की कंबरही रमेल. मी बघ, या वयात दोन गायींचे करते की नाही? सकाळी उठून गोठ्यात गेले की दुखणे कुठल्या कुठे जाते. तूही तसाच झाडांत जा. फ्लॅटमध्ये जाऊन काय करणार आहेस? चौथ्या मजल्यावरच्या जनेलातून दुसऱ्याचे जनेल बघशील.

मला एवढेच सांग, झाडांना पालवी फुटली का?

तुझी,
बाय

*

वरचा वाडा, साखळी
१६ जानेवारी २०२५

ती. बायस,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लावला. लिहायला बसत होतो आणि नुसताच बसून राहत होतो.

डिसेंबरच्या शेवटी खालच्या ओळीतल्या सात कलमांनी माना टाकल्या. पाणी कमी पडत असेल म्हणून दोनाच्या तीन बाल्द्या केल्या. मग एका बुंध्यावर मातीचे कवच चढलेले दिसले. नखाने खरवडले तर आत वाळवी बुजबुजत होती. साल आतून खाऊन टाकलेली. खत बुंध्याला लागले होते. भैरूने घाईत तसे घातले असणार.

हे एक. दुसरे असे की मधल्या ओळीतल्या एका कलमाच्या मुळाशी रोयण उठली आहे. संक्रांतीपर्यंत वारूळ गुडघ्याएवढे झाले, झाड त्यात अर्धे बुडाले. मी ती फोडायला कुदळ घेऊन गेलो होतो हे कुणाला सांगू नको. तेवढ्यात शेवंतीने पाहिले. कुंपण ओलांडून आली, कुदळ माझ्या हातातून काढून घेतली आणि कानाशी तोंड आणून ओरडली, "गुरुदासमाम, सातेरी आयली तुमगेर!" मग तिथेच जमिनीला कपाळ टेकले. संध्याकाळपर्यंत हळदकुंकू, अबोलीचे वळेसर, नारळ, सगळे झाले.

तुला आठवते, लहानपणी माझा पाय रोयणीवर पडला तेव्हा आईने मला तिच्यापुढे नाक घासायला लावले होते? आपल्याकडे दुसऱ्या कुणाला ते वाळवीचे घर दिसेल, आपल्याला देवी दिसते. मलाही दिसली. 

दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या चौघांनी देवळात जाऊन मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पडली, कौल झाला. रोयण हलवायची नाही, तिच्या आसपास खणायचे नाही, बागेत वाळवीचे औषध मारायचे नाही आणि रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा. दिवा कुणी लावायचा याला वेगळा कौल घ्यावा लागला नाही. ज्याची जमीन त्याने, असे सगळेच म्हणाले.

म्हणजे औषध बंद. वाळवी देवीच्या आश्रयाला आहे. आता काय करायचे ते तूच सांग.

तुझा,
गुरू

*

हळर्ण
२१ जानेवारी २०२५

चि. गुरूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग त्या भैरूला चार शिव्या दिल्या. दोन्ही मोठ्याने.

बाबा रे, देवी अशी कुणाच्या दारात येते का? राजाने बोलावली तरी येत नाही. आपल्या आईबाबांची पुण्याई म्हणून आली. आता परवरी विसर. सातेरीला उघड्यावर टाकून चौथ्या मजल्यावर जाऊन बसलास तर वाड्यावरची माणसे तुला नाव ठेवतील आणि मी त्यांच्या पुढे असेन. झाडे गेली तर गेली. आता झाडांवर काही अवलंबून नाही. ऋतिकेला मीच समीक्षाकडून मेसेज लिहून घेतला आहे की बाबा आता कुठेही येणार नाहीत, देवीची आज्ञा आहे. माझी सून फार छान मेसेज लिहिते, शेवटी हात जोडल्याची चित्रेही टाकली.

तरी जी झाडे रोयणीपासून लांब आहेत त्यांचे खत फावड्याने मागे ओढून घे, बुंधा मोकळा कर, कवच फडक्याने पुसून काढ. पुसायला कौल नको.

भैरूला मात्र मी सोडणार नाही. एवढे लिहून पाठवले होते, वीतभर लांब म्हणून. सिद्धेश शनिवारी येतो आहे. त्याला सांगितले आहे की त्या माणसाला समज दे. तुझ्याने ते होणार नाही, तू आधीच देवमाणूस.

तुझी,
बाय

*

वरचा वाडा, साखळी
९ मार्च २०२५

ती. बायस,
शि. सा. नमस्कार.

सिद्धेशने समज दिली. त्याचे शब्द मला ऐकू आले नाहीत, पण भैरूचा चेहरा मी पाहिला. त्याने माझ्याकडे एकदा बघितले आणि घमेले उपडे घातले. दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्याने त्याची बायको हौसा येऊन त्याची कुदळ आणि डोक्याचा पंचा घेऊन गेली. तुमच्या पेडण्याच्या बाजूला, मोप्याजवळ कुठे इमारतीच्या कामावर लागला आहे म्हणतात. तुझ्यापासून लांब नसेल.

एकोणीस झाडे गेली. सोळा आहेत. त्यांना पाणी मीच घालतो. पुढच्या आठवड्यात किती असतील ते सांगता येत नाही.

देवीचे चांगले चालले आहे. रोयण आता माझ्या कमरेला लागते. शुक्रवारी पंचवीस-तीस माणसे येतात. साखळीहून, कुडण्याहून, एकदा तर म्हापशाहून गाडी करून आली. मी सकाळी पाणी घालून उतरतो, दुपारी अंगण झाडतो कारण माणसे येतात, चार वाजता चहा ठेवतो कारण माणसे आलेली असतात, मग तेल-वात घेऊन पुन्हा उतार चढतो. वाऱ्याने दिवा विझतो. खाली आलो की शेवंती वरचा अंधार दाखवते आणि मी परत चढतो. कोणी वाईट नाही. सगळी माणसे पाया पडून जातात. परवा एक बाई माझ्याही पाया पडली. मला तिला म्हणायचे होते, बाई, जरा ती बाल्दी वर नेऊन दे.

ऋतिका येऊन गेली. तुझा मेसेज तिने मला दाखवला. रागावली नाही. माझ्यासाठी घेतलेला पलंग तिने शेजाऱ्यांना वापरायला दिला आहे, परत मागता येईल म्हणाली, म्हणजे लिहिले. जाताना माझे दोन्ही हात धरून बराच वेळ उभी होती.

माझी तब्येत बरी आहे. तुझ्या गायी बऱ्या असतील.

तुझा,
गुरू

*

हळर्ण
१७ मार्च २०२५

चि. गुरूस,

आशीर्वाद कसे लिहू ते कळत नाही, तरी अनेक आशीर्वाद.

सिद्धेश तुझ्याकडून आला आणि जेवताना म्हणाला, "मामाचा गुडघा नारळाएवढा सुजला आहे. उतारावर पडला होता. तुला लिहिले नाही का?" तू लिहिलेस, तब्येत बरी आहे. मी तुझे पत्र पुन्हा काढून वाचले. मग आधीची सगळी काढली. तू पहिल्यापासून एकच गोष्ट लिहीत होतास आणि मी प्रत्येक वेळी तिच्यावर माझेच काहीतरी झाकण ठेवत होते.

तू शेवटी गायींचे विचारलेस. गायी नाहीत, गुरू. गेल्या मे महिन्यातच दिल्या. माझ्याने शेण ओढवत नाही, समीक्षा नोकरीला जाते, सिद्धेश पहाटेच गाडी काढतो. दिल्या त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन उगीच झाडू मारून आले. तुला लिहिले नाही. डिसेंबरात दोन गायींचे करते म्हणून फुशारकी मारली ती रिकाम्या गोठ्याची होती.

मग तुला पाठवलेल्या वीस गोणी कुठल्या? शेजारच्या धाकूच्या गोठ्यातल्या. त्याच आठवड्यातले ताजे शेण आणि मूत प्यालेला पेंढा. प्रत्येक गोणीत वर चार-चार बोटे माझ्या जुन्या गायरीच्या तळाचे खरवडून घातले, म्हणजे तू तोंड सोडून बघितलेस तर काळे भुसभुशीत दिसावे. सिद्धेशला माझ्या गळ्याची शपथ घातली होती. त्या पोराने माझ्यासाठी खोटे झाकले आणि वर जाऊन परक्या माणसाला समज दिली.

कच्च्या शेणाने मुळे भाजतात आणि वाळवी धावत येते, हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून माहीत आहे. तुला आपल्या बाबांनी नाही, मी शिकवले. तरी पाठवले. मनात म्हटले, थंडीचे दिवस आहेत, मातीत जिरेल, निभावून जाईल. कारण माझे खत संपले असे लिहिले असते तर तू म्हणाला असतास, तुझे खत संपले, माझी झाडे संपली, मी आता लेकीकडे जातो. तुझ्या आवाजात ते वाक्य मला रोज ऐकू येत होते. तू गेलास की त्या घराला कुलूप. मग मला कुणी विचारले, बाय, माहेर खंयचे, तर मी काय सांगू? साखळी म्हणून एका बंद दाराकडे बोट दाखवू?

म्हणून देवी आली असे वाचले तेव्हा मी साखर ठेवली ती देवीसाठी नव्हती. तू अडकलास म्हणून ठेवली. आता तो कुठे जातो, असे मला वाटले. असे वाटणारी बहीण कुणाला नको.

देवीचे काय ते देवी बघून घेईल. पण रोयण तुझ्या दारात पुण्याईने आली नाही, माझ्या शेणावर आली. हे वाड्यावर सांगायचे असेल तर सांग. मी शेवंतीसमोर उभी राहून कबूल करीन. भैरूचा काही दोष नाही. त्याने बुंध्याला लावले ही चूक झाली असेल, पण वीतभर लांब घातले असते तरी झाडे वाचली असतीच असे नाही.

तू मला काय हवे ते लिही. न लिहिलेस तरी चालेल.

बाय

*

वरचा वाडा, साखळी
२५ मार्च २०२५

ती. बायस,
शि. सा. नमस्कार.

मला माहीत होते.

पहिल्याच दिवशी. भैरूने गोणी सोडली, वरचे चार बोटे खत ओंजळीत घेतले आणि खूष झाला. मग हात खाली घातला आणि थांबला. मला काही सांगत होता, मला ऐकू येईना. शेवटी त्याने माझे मनगट धरले आणि माझा हात कोपरापर्यंत गोणीत खुपसला. आत गरम होते. तापलेल्या अंगाला हात लावावा तसे. मग तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "मालक, हे कच्चं हाय. झाडं जळतील की वो." मी म्हटले, घाल. तो म्हणाला, "मग लांबून तरी घालतो." मी म्हटले, लांबून नको. बुंध्याला लावून घाल. त्याने दोनदा विचारले. मी दोनदा सांगितले. तुझ्या त्या आठ गोणींच्या वेळीही तेच.

तेव्हा तुझे वीतभर अंतर भैरूने मोडले नाही. मी मोडायला लावले. सिद्धेश त्याच्यावर ओरडत होता तेव्हा मी तिथेच उभा होतो. ऐकू येत नाही हे त्या दिवशी मला फार सोयीचे पडले. भैरूने एकदा माझ्याकडे बघितले म्हणून मी तुला लिहिले होते ना? तो वाट बघत होता, मी बोलेन म्हणून. मी बोललो नाही. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्याची वाटते.

का केले ते सांगतो. बाय, मी दमलो आहे. देवकीच्या आठवणीने नाही, कंबरेने नाही. सगळ्यानेच. चवथीला मी झाडांची अट घातली ती राहण्यासाठी नव्हती, सुटण्यासाठी होती. मला वाटले, नवी कलमे आहेत, येता उन्हाळा नेईल. मग कुणाला दोष नाही, तू रडशील पण माझ्यावर रागावणार नाहीस. पण ती तोवर जगतच आली होती. दोन पावसाळे आणि मधला उन्हाळा, पस्तीसच्या पस्तीस. लोक म्हणत, गुरुदासच्या हाताला गुण आहे. आणि मग तुझ्या गोणी आल्या. मी आत हात घातला, गरम लागले आणि मला हायसे वाटले. तू फसवले आहेस असे मनातसुद्धा आले नाही. वाटले, बायला वयाने कळले नसेल, घाईत कच्चेच भरले असेल. आयते झाले.

मला ऋतिकेकडे जायचे आहे. तिथे चौथ्या मजल्यावर काही करायचे नसते. ती सकाळी कामावर जाते, घरात मी एकटा. जनेलाशी बसायचे आणि दुपारी तिने झाकून ठेवलेले जेवायचे. हे तुला गरीब वाटेल. मला ते स्वर्गासारखे वाटते. पण हे तुला कसे सांगणार? आई गेली तेव्हा तू मला जेवू घातलेस, स्वतः अकरा वर्षांची असताना. तुला माहेर नाही असे माझ्या तोंडून कसे निघेल? म्हणून झाडांच्या तोंडून सांगायला गेलो.

आणि देवी येऊन बसली. तू म्हणतेस तुझ्या शेणावर आली. मी म्हणतो माझ्या खोटेपणावर आली. मला पळायचे होते, तिने मला बसवले. रोज दिवा लावताना मी तिला हेच म्हणतो, मला शिक्षा दिलीस ती बरोबर आहे, पण आता पुरे कर.

रागाने लिहीत नाही. तू माझ्यावर जेवढे रागावायचे तेवढे रागाव.

तुझा,
गुरू

*

हळर्ण
६ एप्रिल २०२५

चि. गुरूस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस रागावले. मग जमेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार? दोघेही लबाड, एकाच आईची पोरे.

आधी भैरूचे. मी परवा सिद्धेशला घेऊन मोप्याच्या बाजूला गेले. तीन ठिकाणी विचारले तेव्हा सापडला. पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, त्यातल्या शेवटच्या खोलीत. सिद्धेशने हात जोडले. माझ्या मुलाला हात जोडताना मी पहिल्यांदा पाहिले. मी म्हटले, "भैरू, शेण माझे आणि सांगणे माझ्या भावाचे. तुझा त्यात काही संबंध नव्हता, आणि आम्ही तिघांनी मिळून तुला हाकलले."  हौसाने चहा केला. कप हातात देताना म्हणाली, "आक्का, त्यांनी झाडं मेली म्हणून दोन दिवस भाकरी खाल्ली नव्हती." हे तुला कळावे म्हणून लिहिते. उरलेल्या झाडांना रविवारचे पाणी घालशील का, असे विचारले. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तू स्वतः जाऊन बोल. त्याच्या कानाशी जायची गरज नाही, त्याला नीट ऐकू येते.

तिथून तसेच साखळीला यायचे मनात होते. पण गाडी तुझ्या दिशेला न्यायला सांगितली नाही. आले असते तर ओट्यावर बसले असते, आणि मग तुला जा म्हणता आले नसते. म्हणून शेवंतीलाच इकडे बोलावून घेतले, काल जेवायला होती. तिला सगळे सांगितले, गोणीपासून कौलापर्यंत. मला वाटले होते ओरडेल. ती भात कालवत म्हणाली, "शेण कोणाचेय आसूं, बसपाची ती बसली मगो." देवी वाड्याची आहे, गुरूमामची एकट्याची नव्हे, आणि तो म्हातारा रोज लंगडत चढतो ते आम्हाला दिसत नव्हते असे नाही, पण तो कधी नको म्हणाला नाही, असे म्हणाली. दिवा तिच्याकडे दिला आहे. तिच्या दोन सुना आणि वरचे एक घर, पाळीपाळीने. त्यांनी परत पाकळ्या लावल्या का, असे मी विचारले नाही. तूही विचारू नको.

झाडांचे काय ते होऊ दे. जगतील ती जगतील. मेली तर जमीन कुठे जात नाही.

आता तुझे. ऋतिकेला मी काल फोन केला. समीक्षाकडून मेसेज लिहून घेतला नाही, स्वतः बोलले. पलंग परत मागून घे म्हटले. पोरगी फोनवर काहीच बोलेना, मला वाटले लाइन गेली. तुझ्यासारखेच, "हॅलो, हॅलो" करत बसले. रडत होती.

जा तू. रागावून नाही म्हणत. पन्नास वर्षे मी सांगत आले, माझा भाऊ तिथे आहे म्हणून माझे माहेर आहे. तू तिथे दमलेला आहेस का, हे त्यात कधी आलेच नाही. मी आपली तुला त्या घरात खुंट्याला बांधून ठेवले आणि लांबून वैरण पाठवत राहिले. ती वैरणही कच्ची. जाताना चूल पुसून ठेव, विहिरीवर झाकण घाल. जास्त आवराआवर करत बसू नको, गुडघा सांभाळ.

एकच मागते. कुलूप कोणत्या दिवशी लावणार ते आधी कळव, आणि वेळही. मला त्या वेळी इथे बसून थोडे रडायचे आहे. तू न कळवता गेलास तर मी रोजच रडत बसेन, आणि आता तेवढी ताकद माझ्यातही राहिलेली नाही.

तुझी,
बाय